सुसह्य म्हणजे कोणाला सुसह्य?

भाजलेल्या जखमांवर नवे जंतुरोधक मलम तयार केल्याची बातमी आपल्या देशातील कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेतून अधूनमधून येत असते. कधी त्यात चांदीचे नॅनोकण असतात, कधी हळदीतील कर्क्युमिन, कधी कोळंबीच्या कवचापासून काढलेले कायटोसान. बातमीसोबतचे छायाचित्रही आता ओळखीचे झाले आहे : काचेच्या बशीत पसरलेला जिवाणूंचा धूसर थर, मधोमध औषधाचा ठिपका आणि त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ. अशा बातम्या मी आवडीने वाचतो, मित्रांना पाठवतोही. त्यांच्यामागे बहुधा कुणा विद्यार्थ्याची चार-पाच वर्षे गेलेली असतात याची मला जाणीव आहे. परंतु ते वर्तुळ किती मिलिमीटरचे हे आवर्जून सांगणाऱ्या बातमीत एक प्रश्न मला क्वचितच भेटतो. हे मलम लावताना किती दुखते, आणि दुसऱ्या दिवशी पुसून काढताना किती?

माझ्या नावामागे लागणारे ‘डॉक्टर’ हे भौतिकशास्त्राचे आहे. म्हैसुरात मी जेल, मलई, फेस अशा धड घन नव्हेत आणि धड द्रवही नव्हेत अशा पदार्थांवर काम करतो. तेव्हा पुढील मजकुरात उपचाराचा सल्ला कुणी शोधू नये. तो आपापल्या वैद्याकडून घ्यावा. मात्र भाजल्याच्या जखमेवरील औषध दुखते का, याची बरीच कारणे भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडणारी आहेत, आणि म्हणूनच ती रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी मोजता येण्यासारखी आहेत, एवढे माझे म्हणणे आहे. ती मोजली जात नाहीत, याबद्दल तक्रारही आहे.

औषधांच्या चाचण्यांवरील निबंधांत ठरलेले एक वाक्य असते : ‘औषध रुग्णांना सुसह्य ठरले.’ हे वाक्य कोण लिहितो? लिहिणारा संशोधक असतो. सोसणारा दुसराच कुणी. पुष्कळदा त्या वाक्याचा अर्थ इतकाच असतो की रुग्ण चाचणी अर्धवट सोडून गेले नाहीत. आपल्या भाषेत ‘सोसले’ आणि ‘सोसवले’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. ‘त्याने सोसले’ म्हणताना दुसरा मार्ग नव्हता असेही सूचित होऊ शकते. ‘त्याला सोसवले’ म्हणताना त्याच्या शरीराची साक्ष घेतलेली असते. निबंधांतील ‘सुसह्य’ हा शब्द पहिल्या प्रकारची माहिती घेऊन दुसऱ्या प्रकारचा दावा करतो. निबंध इंग्रजीत लिहिले जातात म्हणून ही लबाडी खपून जाते असे मला कधीकधी वाटते. मराठीत लिहिताना विभक्ती तरी विचार करायला लावते.

भाजल्यानंतरची वेदना एका जातीची नसते. एक वेदना अखंड असते, विश्रांतीतही ठसठसणारी. दुसरी उपचारांची : जखम धुणे, जुने मलम खरवडणे, पट्टी ओढून काढणे, नवी बांधणे. भाजण्याचा क्षण काही सेकंदांत संपतो; उपचारांची वेदना रोज ठरल्या वेळी येते, आणि ती येणार हे रुग्णाला आदल्या रात्रीपासून माहीत असते. फार खोल भाजले असेल तर मधल्या भागातील चेतातंतूच नष्ट झालेले असतात आणि तेथे संवेदना उरत नाही. वरच्या थरांपर्यंत भाजलेली, फोड आलेली, ओलसर लालबुंद जखम मात्र अतिशय दुखते, कारण तेथील चेतातंतू जिवंत असून उघडे पडलेले असतात.

या चेतातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन बसलेले असते. सुमारे ४३ अंश सेल्सियसला ते उघडते आणि मेंदूकडे ‘चटका’ असा संदेश जातो. मिरचीतील कॅप्सेसिननेही तेच उघडते, आम्लानेही तेच. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ साली ओळखून काढले आणि २०२१ साली त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विषयाशी संबंध असा की जखमेभोवती दाह सुरू झाला की या प्रथिनाचा उंबरठा खाली सरकतो, इतका की शरीराचे नेहमीचे तापमानही त्याला चटक्यासारखे भासू शकते. अशा ठिकाणी आपण जेव्हा एखादे मलम लावतो तेव्हा त्याचा सामू किती, त्यातील क्षारांचे प्रमाण किती, ते पाणी ओढून घेते की देते, हे प्रश्न औषधनिर्मात्याच्या वहीतील तपशील राहत नाहीत. चेतातंतूला जाणवते ते हेच.

याचा उत्तम दाखला मलमांच्या इतिहासातच आहे. १९६०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांचे जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी तीन औषधे पाठोपाठ पुढे आली. सेंट लुईस येथील कार्ल मोयर यांनी १९६५ साली सिल्व्हर नायट्रेटचे अर्धा टक्क्याचे द्रावण वापरात आणले. ते फारसे झोंबत नसे. पण चादरी, भिंती, परिचारिकांचे हात सारे काळे करून टाकी, आणि द्रावण अगदी पातळ असल्याने जखमेतून शरीरातील सोडियम शोषून बाहेर नेई. टेक्सासमधील अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात त्याच सुमारास मॅफेनाइडचे मलम आले. जळून मेलेल्या त्वचेच्या जाड थरातूनही आत शिरण्याची त्याची क्षमता असाधारण होती. पण ते लावताच रुग्ण कळवळत. मग १९६८ साली कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फाडायझिन यांचा संयोग करून सिल्व्हर सल्फाडायझिन दिले. पांढरे, मऊ, लावताच थंड वाटणारे. पुढील अनेक दशके जगभर भाजलेल्या जखमेवरचे मलम म्हणजे हेच, असे समीकरण झाले, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतील मोठ्या डब्यांतही तेच असते.

मॅफेनाइड दुखते कशामुळे? त्या मलमातील विरघळलेल्या द्रव्याचे प्रमाण शरीरातील द्रवांच्या मानाने कितीतरी अधिक असते. असे मलम उघड्या पेशींवर ठेवले की परासरणाच्या नियमाप्रमाणे पाणी पेशींतून बाहेर ओढले जाते. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते ना, तसेच. फक्त येथे काकडीच्या जागी उघडा चेतातंतू आहे. पुढे याच औषधाचे पाच टक्क्यांचे पाण्यातील द्रावण वापरात आले. त्याची तीव्रता शरीरद्रवांच्या बरीच जवळ जाते आणि ते मलमापेक्षा पुष्कळ कमी झोंबते. रेणू तोच, जंतूंशी वैरही तेच. बदलले ते केवळ मिश्रण. कुठल्याही पदवीधराला तासाभरात मोजता येईल अशा एका राशीने, म्हणजे परासरण दाबाने, कित्येक रुग्णांची सकाळ ठरत होती. मला या उदाहरणातून जे दिसते ते असे की मलमाची वेदना हा औषधाचा अटळ गुणधर्म मानण्याचे कारण नाही. ती मलम बनवणाऱ्याच्या हातात आहे, त्याने तिच्याकडे लक्ष दिले तर.

सिल्व्हर सल्फाडायझिनने लावतानाची वेदना बहुतांशी मिटवली, हे खरेच मोठे काम झाले. परंतु त्याच्यामुळे काढतानाची वेदना नजरेआड गेली, असे माझे मत आहे. हे मलम जखमेतील स्रावाशी मिसळून एक पिवळसर, चिवट थर तयार करते. नवे मलम लावण्यापूर्वी तो थर धुऊन, पुसून, प्रसंगी खरवडून काढावा लागतो, आणि हे रोज, काही ठिकाणी दिवसातून दोनदा. ओळखीतील एका मुलाच्या अंगावर आंघोळीचे कढत पाणी सांडले होते, तेव्हा त्याच्या वडिलांसोबत मी काही दिवस एका रुग्णालयात जात असे. मलम लावताना तो मुलगा शांत असे. ‘गार वाटतं’ म्हणे. त्याच्याआधीची पंधरा मिनिटे आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसून काढत असू आणि एकमेकांकडे पाहत नसू. केसपेपरवर त्या पंधरा मिनिटांची नोंद ‘ड्रेसिंग केले’ एवढीच होती. तेथील परिचारिकांना मी दोष देत नाही. एकेकीच्या वाट्याला किती पट्ट्या येत होत्या ते मी पाहिले आहे.

२०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात वरवरच्या आणि मध्यम खोलीच्या भाजलेल्या जखमांवरील निरनिराळ्या पट्ट्यांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यात सिल्व्हर सल्फाडायझिन हे सिलिकॉनच्या, चांदीचा थर असलेल्या किंवा जैवकृत्रिम पट्ट्यांच्या तुलनेत जखम भरण्याच्या बाबतीत सातत्याने मागे पडलेले दिसते. मूळ चाचण्यांचा दर्जा फारसा चांगला नव्हता, हेही त्याच आढाव्यात नोंदवले आहे. तरीही ते मलम आपल्याकडे टिकून आहे, कारण ते स्वस्त आहे, मिळते, आणि वापरण्याची सवय आहे. कारणे खरी आहेत आणि मी ती हिणवत नाही.

पण स्वस्त आणि कमी दुखणारे हे एकत्र असू शकत नाही, असे कुणी म्हणत असेल तर त्याने मुंबईकडे पाहावे. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्यांच्या साली पट्टीच्या कापडावर जोडून, निर्जंतुक करून, भाजलेल्या मुलांच्या जखमांवर बांधल्या. त्यांचा पहिला अहवाल १९८५ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात आला. बटाट्याच्या सालीत काही चमत्कारिक औषध आहे असा त्यांचा दावा नव्हता. तिच्याखाली जखम सुकत नाही आणि ती जखमेला चिकटत नाही, या दोन गोष्टींवर भर होता. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. पाने स्वच्छ करून, जोडून, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात पट्टी काढताना रुग्णाला होणारा त्रास हा पाहण्याचाच विषय होता. पट्टी सहज सुटून येते, हा तिचा मुख्य गुण. बटाट्याच्या सालीच्या पट्टीशी तिची तुलनाही त्यांनी केली, आणि केळीचे पान आणखी स्वस्त पडते असे दाखवले. याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत दात्याची त्वचा जखमेवर बसवली की उघडे चेतातंतू झाकले जातात आणि वेदना उतरते, तेही या मालिकेतच बसणारे काम आहे.

केळीच्या पानाबद्दल थोडे रेंगाळतो, कारण येथे माझा विषय सुरू होतो. म्हैसुरात लग्नाच्या पंगतीत पानावर वाढलेला सारभात बोटाने पुसून घेता येतो. शित मागे राहत नाही. पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा सूक्ष्म थर असतो आणि पाणी त्यावर पसरण्याऐवजी थेंब होऊन बसते. कापसाच्या गॉझचे नेमके उलट आहे. त्याच्या जाळीत जखमेतील प्रथिनयुक्त स्राव शिरतो, हवेने सुकतो, आणि धागे व स्राव मिळून सिमेंटमध्ये लोखंडी सळ्या बसाव्यात तसा एकजीव थर होतो. तो ओढला की त्याच्यासोबत नुकतीच उगवू लागलेली त्वचाही निघते. म्हणजे पट्टी काढणे जेवढे दुखते, साधारण तेवढीच जखम मागेही पडते. वेदना ही येथे निव्वळ भावना उरत नाही. ऊती फाटत असल्याची ती खबर असते.

चिकटलेला थर सोलून काढायला किती बल लागते, हे मोजण्याची रीत जुनी आहे. चिकटपट्ट्या बनवणारा प्रत्येक कारखाना ते मोजतो : ठरावीक रुंदीची पट्टी, ठरावीक कोन, ठरावीक वेग, आणि उत्तर न्यूटन प्रति मीटर या एककात. वेग बदलला की उत्तर बदलते, कोन बदलला की बदलते, ओलावा बदलला की तर फारच. पार्सलचे खोके बंद करायच्या पट्टीची ही माहिती कारखान्याकडे तयार असते. भाजलेल्या मुलाच्या छातीवर बांधायच्या पट्टीबद्दल ती विचारली तर बहुधा कंपनीच्या पत्रकात मिळत नाही.

आता सोलापूरकडे. तेथील वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये मधावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरवर भाजलेले १०४ रुग्ण. निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटातील ७ टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा अनुक्रमे ८७ आणि १० टक्के. आकडे विलक्षण आहेत, आणि भौतिकशास्त्राच्या सवयीने मी म्हणेन, थोडे जास्तच विलक्षण. वरवरची जखम दुसऱ्या गटात इतकी सावकाश का भरावी, हा प्रश्न पडतो. पुढील वर्षांत मध आणि भाजलेल्या जखमा यांवर झालेल्या चाचण्यांचा मोठा भाग त्यांचाच आहे. २०१५च्या कॉक्रेन आढाव्याने, मध्यम खोलीच्या भाजण्यात मधाने जखम पारंपरिक पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरते, असा निष्कर्ष काढला खरा. पण एकाच हातून आलेल्या मोजमापांवर इमारत उभी राहते तेव्हा दुसऱ्या हाताने ती पुन्हा मोजावी, ही आमच्या क्षेत्रातील जुनी शिस्त आहे. त्यात मूळ संशोधकाचा अनादर नाही.

मला मात्र त्या निबंधातील दुसरीच गोष्ट खटकते. मधाचे फायदे सांगताना ‘वेदनेपासून आराम’ हा फायदा सारांशात नोंदवला आहे. जंतूंना टक्केवारी मिळाली, जखम भरण्याला दिवस मिळाले. वेदनेला तेथे आकडा नाही. वास्तविक मधाच्या बाबतीत आकडा फार उपयोगी पडला असता. मध आम्लधर्मी असतो, त्याचा सामू चारच्या आसपास. त्याचा परासरण दाब प्रचंड. मॅफेनाइडच्या न्यायाने पाहिले तर तो झोंबायला हवा, आणि काही रुग्णांना झोंबतोही. दुसरीकडे तो पाणी ओढून जखमेवर ओलसर थर ठेवतो, म्हणून पट्टी चिकटत नाही आणि काढताना सुख होते. म्हणजे लावताना एक आणि काढताना दुसरे, अशा परस्परविरुद्ध दोन वेदनांची ही वजाबाकी आहे. ती कुणाच्या बाजूने सुटते ते मोजल्याशिवाय कसे कळावे?

पुण्याचे उदाहरण तर थेट विज्ञानाच्या बातम्यांतले. आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचे जेल तयार करून २००९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तिसाव्या हिश्श्याइतक्या चांदीत तितकाच जंतुरोधक परिणाम साधला, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि प्रयोगशाळेतील उंदरांच्या त्वचेवर ते सुरक्षित आढळले. हे काम मला मनापासून आवडते. चांदी कमी म्हणजे पेशींना इजाही कमी असण्याची शक्यता, खर्चही कमी. पण ‘सुरक्षित’ आणि ‘न दुखणारे’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. उंदराची त्वचा लाल झाली की नाही ते पाहता येते. उंदीर आकडा सांगत नाही.

माणूस सांगू शकतो. येथे आक्षेप येतो की वेदना व्यक्तिनिष्ठ आहे, ती शास्त्रीय मोजमापात कशी बसवावी? या आक्षेपाला आमच्याच क्षेत्रातला एक गमतीदार इतिहास आहे. जेम्स हार्डी नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी वुल्फ व गुडेल यांनी १९४०च्या दशकात काजळी फासलेल्या कपाळावर प्रकाशाचा झोत टाकून वेदना मोजण्याचे यंत्र बनवले. प्रयोगाची पात्रे ते स्वतःच. वेदनेला त्यांनी ‘डॉल’ नावाचे एककही दिले. प्रयोगशाळेत सारे छान जमले, पण महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरला असे दिसले की गंभीर जखमी झालेले कितीतरी सैनिक मॉर्फिन मागतच नाहीत. तीच जखम शहरातल्या माणसाला झाली असती तर त्याने मागितले असते. वेदना किती यंत्रातून निघत नाही, हे तेव्हाच कळून चुकले. त्यानंतर जगाने साधा मार्ग धरला : शंभर मिलिमीटरची रेघ काढा, एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून अधिक कल्पनाच करवत नाही’, आणि रुग्णाला खूण करू द्या. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रे आहेत. हात पट्टीत बांधलेल्या बाईला रेघेवर खूण करता येणार नाही हे मान्य. पण ‘बारा आणे बरं वाटतंय’ असे आपल्याकडे माणसे आपणहून सांगतात. सोळा आण्यांचे हे मापक वापरात आहेच, फक्त ते कागदावर उतरवून घ्यायचे आहे. एकाच रुग्णाचा कालचा आकडा आणि आजचा आकडा यांची तुलना करायला ते पुरते. तापमापीचा शोध लागण्यापूर्वीही लोक पाण्यात हात घालून सांगतच होते, आणि तापमापी त्यातूनच घडत गेली.

‘मग वेदनाशामक द्या, मलमाला कशाला वेठीस धरता?’ हा दुसरा आक्षेप. द्यायलाच हवे, भरपूर द्यायला हवे. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर आपल्या देशात मॉर्फिन मिळवणे रुग्णालयांना इतके किचकट झाले की अनेकांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची वाट सोपी झाली. सवय मात्र कायद्याइतकी पटकन बदलत नाही. तालुक्याच्या ठिकाणी भाजलेला रुग्ण पुष्कळदा साध्या गोळ्यांवर पट्टी बदलून घेतो. जेथे भूल आणि मॉर्फिन दुर्मीळ, तेथे न चिकटणारी पट्टी हेच वेदनाशामक. श्रीमंत देशांतील संशोधकाला हा प्रश्न दुय्यम वाटला तर मी समजू शकतो. आपल्या प्रयोगशाळांना तो दुय्यम वाटू नये.

आणि भाजणारे कोण, हेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या भाजण्यासंबंधीच्या कार्यक्रमाच्या कागदपत्रांत वर्षाला सुमारे ७० लाख लोक भाजतात आणि सुमारे १ लाख ४० हजार मृत्यू पावतात, असा अंदाज दिलेला असतो. या जखमींत तरुण स्त्रिया आणि लहान मुले यांचा वाटा मोठा आहे. स्वयंपाकघर, स्टोव्ह, कढत पाणी, साडीचा पदर, आणि काही वेळा ज्याला अपघात म्हटले जाते पण जो अपघात नसतो तेही. ‘सोशिक’ हे विशेषण आपण कौतुकाने बाईला लावतो. पुरुषाला ते क्वचितच लागते. घरात जिने कधी तक्रार केली नाही ती वॉर्डातही करत नाही, आणि तिचे न बोलणे मग ‘औषध सुसह्य ठरले’ या वाक्यात जमा होते. तोंडाने मागितल्याशिवाय न मिळणारी गोष्ट अशा व्यवस्थेत कुणाला मिळणार नाही, ते सांगायला नको.

समाजमाध्यमांवर कुणाची जिरली की ‘बर्नॉल पाठवू का?’ असे विचारण्याची पद्धत आहे. विनोद म्हणून मीही हसलो आहे. त्यात दडलेली समजूत मात्र जुनी आणि घट्ट आहे : भाजले की पहिले काहीतरी फासायचे. मलम, टूथपेस्ट, शाई, हळद. टूथपेस्टमधील मेन्थॉल गारवा कळवणाऱ्या चेतातंतूंना फसवते. त्वचा थंड वाटते, होत नाही. भाजल्याबरोबर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली धरणे हे वेदनेवरचे पहिले आणि फुकटचे औषध आहे. बर्फ नको. आणि वर मध व केळीच्या पानाबद्दल लिहिले आहे ते वाचून कुणी परसातले पान तोडून जखमेवर बांधू नये. शीवच्या रुग्णालयातले पान निर्जंतुक केलेले होते आणि बांधणारा हात प्रशिक्षित होता.

माझी मागणी फार मोठी नाही. आपल्या देशातील औषध-चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून सुरू आहे आणि ती कुणालाही उघडून वाचता येते. प्रत्येक चाचणीचा मुख्य निष्कर्ष कोणता असणार, हे तिच्यात आधीच लिहावे लागते. भाजलेल्या जखमेवरील मलमाची चाचणी असेल तर त्या रकान्यात जखम भरण्याच्या दिवसांच्या शेजारी पट्टी काढतानाची वेदना का असू नये? ‘अन्य परिणाम’ या तळच्या रांगेत नव्हे, वरच्या रांगेत. त्याही आधी, मलम प्रयोगशाळेत असतानाच, त्याचा सामू, परासरण दाब आणि कापडासह सुकल्यावर ते सोलायला लागणारे बल, हे तीन आकडे त्या स्वच्छ वर्तुळाच्या व्यासासोबत प्रसिद्ध व्हावेत. पहिल्या दोहोंना लागणारी यंत्रे म्हैसुरातल्या अन्नतंत्रज्ञानाच्या कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत असतात. जॅमचा सामू आणि मधातील पाणी आम्ही रोज मोजतोच. निधी देणाऱ्यांनी विचारले तर देणारे देतील. विज्ञानाची बातमी लिहिणाऱ्यांनी विचारले तर त्याहून लवकर देतील, कारण पत्रकाराला उत्तर नाही असे सांगणे कुणालाच आवडत नाही.

तिसऱ्या आकड्यासाठी लागणारे सोलण-बल मोजायचे यंत्र आमच्याकडे जेलच्या कामासाठी आहे. येत्या महिन्यात त्यावर घोड्याच्या रक्तद्रवात भिजवून सुकवलेला साधा गॉझ, मलम लावलेला गॉझ आणि वाफवलेले केळीचे पान, अशा तीन पट्ट्या एकाच वेगाने ओढून पाहायच्या ठरवल्या आहेत. त्यातून रुग्णाची वेदना कळणार नाही. कापड किती धरून बसते ते कळेल. येणारे आकडे येथेच देईन. भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या कुणी शल्यविशारदाने किंवा परिचारिकेने हे वाचले असेल, तर पट्टी काढताना साधारण कोणत्या कोनातून आणि किती वेगाने ओढली जाते, आणि आधी ती किती वेळ भिजवून ठेवता येते, एवढे मला कळवावे. यंत्राला तो कोन आणि तो वेग द्यायचा आहे.